भिंतीवरची कढई

"तेल संपलं," नाना म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. कोनाड्यात तेलाची बरणी होती आणि ती गळ्यापर्यंत भरलेली होती. नानांनीही माझ्या नजरेमागोमाग तिकडे पाहिलं आणि मग खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडायला लागले. पस्तीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन म्हणून काढलेला, सत्तरीला टेकलेला माझा बाप खोटं बोलत होता आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं.

"मग हे काय आहे?"

"ते दिव्याचं आहे."

"एवढं?"

"दिवा रोज लागते," नाना म्हणाले आणि अंगणात निघून गेले.

मी वर्ध्याला प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. चाळीस पोरांना दिवसभर हुकूम सोडायची सवय असल्यामुळे घरीही माझा आवाज तसाच निघतो, असं आमचे हे म्हणायचे. त्या दिवशी बोदवडला मी हुकूम सोडायलाच आले होते. आईला जाऊन दहा महिने झाले होते. नाना एकटे हातानं भाकरी थापून खात होते आणि गावातून येणारा-जाणारा मला सांगायचा, "तुमचे नाना फार वाळले हो." मी दोन दिवसांची रजा टाकली, घरातली मधली खोली रिकामी केली, तिथे नवी गादी घातली आणि शेजारणींना सांगून टाकलं की येताना वडिलांना घेऊन येते. सकाळच्या गाडीनं उतरायचं, दुपारी चारच्या पॅसेंजरनं नानांना घेऊन परत फिरायचं. मधल्या वेळात त्यांची ट्रंक भरायची, शिदोरी करायची, घराला कुलूप लावायचं. सगळं ठरलेलं होतं. एक नानांना तेवढं विचारायचं राहिलं होतं.

शिदोरी म्हणजे आमच्या घरात पुऱ्या. नानांना रेल्वेचा पास मिळायचा, त्यामुळे दर वर्षी एकदा आम्ही कुठेतरी लांब जायचो. एकदा जगन्नाथपुरीला, एकदा मद्रासला. निघायच्या दिवशी पहाटे आई चुलीपुढे बसायची आणि पुऱ्यांची चळत पितळी डब्यात भरायची. बटाट्याची कोरडी भाजी, लोणच्याची फोड आणि त्या पुऱ्या. मला देवळं आठवत नाहीत. अकोल्याच्या पुढे गाडी लागली की आई डबा उघडायची, तो वास आठवतो. माझा धाकटा भाऊ मुरली आणि मी खिडकीसाठी भांडायचो आणि आई म्हणायची, भांडेल त्याला एक पुरी कमी.

तर मला पुऱ्या तळायच्या होत्या. कणीक मळून ठेवली होती. बटाटे उकडत होते. कढई कुठे आहे ते मला ठाऊक होतं, कारण ती तीस वर्षं एकाच जागी होती. चुलीच्या उजव्या हाताला भिंतीत मोठा खिळा, त्याला अडकवलेली लोखंडी कढई. फरक एवढाच होता की आता तिच्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा सुतळीनं बांधलेला होता. मी सुतळीला हात घातला तेव्हाच नाना दारात येऊन तेल संपल्याचं बोलले होते.

नाना अंगणातून परत आले. त्यांच्या हातात मेथीची जुडी होती.

"पुऱ्या कायले करते? मी भाकरी टाकतो. कळण्याची. तुले आवडते."

"गाडीत भाकरी कडक होते नाना."

"पानी लावून टाकतो. नाही होत."

"आणि तुम्ही कशाला टाकता? मी आहे ना."

"तू पाहुनी आहे," ते म्हणाले.

मला राग आला. लग्न झालेल्या बाईला बापानं पाहुणी म्हटलं की ते कुठेतरी लागतंच, मग तो कितीही मायेनं म्हणो. मी म्हटलं, "पाहुणी तर पाहुणी. ट्रंक कुठाय? तुमचे कपडे भरते. चारची गाडी आहे."

नाना परातीत पीठ घेत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"बघू," ते म्हणाले.

"बघू काय नाना? मधली खोली रिकामी केलीय. ह्यांनी स्वतः गादी उन्हात घालून ठेवलीय."

"जावईबापू देवमानूस आहेत."

"मग?"

"घर असं टाकून जाता येत नाही व पोरी."

"असं म्हणजे कसं? काय झालंय घराला?"

ज्वारी आणि उडदाचं ते काळपट पीठ पाण्यात कालवून नाना भाकरी थापायला लागले. मी बघत राहिले. बायकोच्या हयातीत या माणसानं कधी पाण्याचा पेला स्वतः घेतला नव्हता. आता त्यांची भाकरी परातीत गोल फिरत होती, कडा फाटत नव्हत्या. दहा महिन्यांत किती भाकऱ्या बिघडल्या असतील आणि त्या कुणी खाल्ल्या असतील, असा विचार मनात आला आणि मी तो लगेच बाजूला सारला. रडायला माझ्याकडे वेळ नव्हता.

जेवायला पिठलं, भाकरी आणि लसणाची चटणी होती. नानांनी मला वाढलं. पिठलं उत्तम झालं होतं, आणि हे मी आजही त्यांच्यावरच्या प्रेमापोटी म्हणत नाही.

"रोज हेच?" मी विचारलं.

"रोज नाही. कधी वरन. कधी भाजी."

"सणासुदीला?"

"सनाले काय," ते म्हणाले. "सन आला तसा गेला."

जेवण झाल्यावर मी हट्टानं ट्रंक काढायला माळ्यावर चढले. ट्रंकेच्या मागे पत्र्याचा मोठा डबा होता. झाकणाला कापडाची पट्टी गुंडाळून आईनं मारलेली गाठ मी ओळखली. आई डाव्या हातानं गाठ मारायची, ती नेहमी उलटी पडायची. डबा खाली आणून उघडला तर आत काठोकाठ कुरडया होत्या. पांढऱ्या, एकावर एक रचलेल्या. एकही काढलेली नव्हती. आई गेली त्याच्या आधीच्या महिन्यात, फाल्गुनात, तिनं गव्हाचा चीक काढून त्या घातल्या होत्या. तेव्हा तिला दम लागत होता, तरी घातल्या होत्या.

"नाना, यातली एकही तळली नाही?"

नानांनी डब्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"एकट्यासाठी कुठी तळायचं."

"तुम्हाला तर जेवताना कुरडई लागायची."

"झाकन लावून ठेव. हवा लागते त्याले."

इथपर्यंत माझी खात्री झाली होती की हे म्हातारपणचं खूळ आहे. आईच्या वस्तू जपून ठेवायच्या, वापरायच्या नाहीत, घर सोडायचं नाही. शाळेत एखादं पोर असं कोपरा धरून बसलं की त्याला आधी उठवायचं असतं, का बसलास ते नंतर विचारायचं असतं. पुऱ्या तर मी तळणारच होते. नानांना आईची कढई काढायची नव्हती, तर मी दुसऱ्याची आणणार होते. मी चपला घातल्या आणि शेजारी द्वारकाकाकूंकडे गेले.

द्वारकाकाकू आईच्या मैत्रीण. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि चाळीस वर्षांत वाटीभर साखर, विरजण आणि गावभरच्या बातम्या त्या भिंतीवरून इकडून तिकडे गेल्या होत्या. काकू ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"आली का व मंदा. सकाळीच पाह्यलं तुले. म्हटलं आधी बापाजवळ बसू दे."

"काकू, तुमची कढई द्या जरा. पुऱ्या तळायच्यात. नाना आमची काढू देत नाहीत."

काकू हळूच म्हणाल्या, "तू चढवायले आली का आज?"

"काय चढवायला?"

"कढई व. अजून कोनती?"

मला कळेना. काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या घरात तळण होत नाही. कढई उतरवून ठेवतात. पहिला मोठा सण आला की बाहेरचं आपलं माणूस येतं, म्हणजे लग्न होऊन गेलेली लेक, नाहीतर सुनेच्या माहेरचं कुणी. ते आपल्या हातानं चुलीवर कढई चढवतं, काहीतरी तळतं आणि घरच्यांच्या तोंडात घालतं. तिथे दुखवटा संपतो. घरच्या माणसानं स्वतः ती चढवायची नसते. आणि त्यासाठी कुणाला बोलावणंही करायचं नसतं. येणाऱ्यानं आपणहून यायचं असतं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या मते ते दिवाळीतच उरकलं होतं.

"पण मुरलीच्या सासरचे आले होते ना?" मी म्हटलं. "जामनेरहून. दिवाळीला."

"कोन म्हने?"

"नानांचं पत्र आलं होतं मला."

"कोनी आलं नाही व माय," काकू म्हणाल्या. "तुमच्या घरात दहा महिन्यांपासून पापडसुद्धा तळला नाही. मी म्हटलं त्याईले, भाऊजी, मी चढवून देतो, मी काय परकी आहे का? त म्हने नाही वहिनी, लेक आहे मले. तिच्या हातची चढीन."

माझ्या हातात काकूंच्या सुपातले चार गहू होते. ते मी कधी उचलले ते मला कळलं नव्हतं.

"दिवाळीत तीन दिवस सकाळच्या गाडीवर गेले," काकू सांगत होत्या. "मी इचारलं, कुठी चालले भाऊजी रोज? म्हने मंदा आली त सामान कोन उचलीन तिचं. चौथ्या दिवशी नाही गेले. मंग मी बी नाही इचारलं."

दिवाळीत मी वर्ध्याला होते. माझ्या मुलाला, विनयला, गोवर आला होता. पण तो काही मरणाचा गोवर नव्हता. ह्यांनी मला म्हटलंही होतं, जाऊन ये दोन दिवस, मी सांभाळतो. मी गेले नाही, कारण मला मुरलीचं तोंड बघायचं नव्हतं.

आईच्या तेराव्याला आमचं दोघांचं वाजलं होतं. मुरली अंबरनाथला कारखान्यात होता. तो म्हणाला, ताई, तू जवळ होतीस, तू तिला वेळेवर जळगावला दाखवायला हवं होतंस. मी म्हटलं, तू मुलगा आहेस, तुला दम लागलेला ऐकू आला नाही का? दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांनाही ते सहन झालं नाही. त्यानंतर आम्ही एकमेकांना पत्र लिहिलं नाही. जे विचारायचं ते नानांना विचारायचो. दिवाळीच्या आधी मी नानांना लिहिलं होतं, मुरलीकडचे येणार आहेत ना, की मी येऊ? दिवाळीनंतर नानांचं कार्ड आलं. त्यावर तिरक्या अक्षरात चार ओळी होत्या. सण झाला. जामनेरकर येऊन गेले. सर्व व्यवस्थित. काळजी नसावी.

मी ते कार्ड वाचून फडताळात टाकलं होतं आणि मला बरं वाटलं होतं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

मी घरी आले तेव्हा नाना भाकऱ्या फडक्यात बांधत होते. माझ्यासाठी चार, मोजून. मी दारातच बोलायला सुरुवात केली. मुरलीला आत्ताच्या आत्ता तार करते म्हटलं. सासरच्यांना जामनेरहून साधं इथवर येता येत नाही आणि वर तुम्हाला खोटी पत्रं लिहायला लावतो, असंही बरंच काही म्हटलं. नानांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"त्याचा काही दोष नाही," मग ते म्हणाले.

"कसा नाही?"

"त्याले वाटते तू येऊन गेली."

"त्याला असं का वाटेल?"

"मी लिहिलं त्याले. मंदा येऊन गेली, सन झाला, काळजी नसावी."

मी चुलीजवळच्या पाटावर बसले. नाना गाठ मारत होते आणि ती सुटत होती.

"का नाना?"

"तुमची दोघांची बोली नाही. खरं लिहिलं असतं त तू त्याच्या नावानं शिमगा केला असता, अन् त्यानं तुह्या. तिले जाऊन वर्स नाही झालं. तिच्या पोरांनी कशाले भांडावं."

"मग मला लिहायचं होतं. ये म्हणून. मी आले असते."

"दुखवट्याचं बोलावनं करत नाहीत," नाना म्हणाले. "करता येत नाही. अन् आज तू नुसती पुऱ्यांसाठी काढत होती, म्हनून आडवलं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. मी शाळा, संसार, गोवर, सगळी कारणं तोंडात घेऊन बसले होते आणि त्यातलं एकही बाहेर काढायची सोय नव्हती. या माणसानं लेकीची वाट बघत तीन दिवस गाडीवर चकरा मारल्या आणि चौथ्या दिवशी घरी बसून तिच्या नावानं सण झाल्याचं पत्र लिहिलं. मला स्वतःची शरम वाटली. इतकी शरम मला त्याआधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

मी उठले आणि भिंतीवरच्या कढईची सुतळी सोडली.

लुगड्याचा तुकडा निघाला. दहा महिने न वापरलेल्या लोखंडावर गंज नव्हता. कढई काळीभोर आणि गुळगुळीत होती, बोट फिरवलं तर तेलाचा हात लागला. नाना दर शनिवारी तिला तेल लावून परत बांधत होते, हे त्यांनी सांगितलं नाही. द्वारकाकाकूंनी मला नंतर पत्रात कळवलं.

"चूल पेटवा," मी म्हटलं.

नानांनी गोवरी मोडली, काटक्या घातल्या, फुंकर मारली. मी कढई चढवली. बरणीतलं तेल ओतलं आणि पुऱ्यांच्या आधी कुरडयांचा डबा पुढे ओढला. मग माझ्या लक्षात आलं की मला कुरडया नीट तळता येत नाहीत. वर्ध्याला आम्ही स्टोव्हवर पापड भाजून खायचो. आई असताना मला कधी कुरडया तळाव्या लागल्या नाहीत आणि आई गेल्यावर मी ते टाळलंच होतं. तेलात बोट बुडवता येत नाही, ते तापलं की नाही हे कसं ओळखायचं याचाच घोळ.

पहिली कुरडई सोडली ती तळाला जाऊन बसली आणि तशीच राहिली, पिवळट, दगडासारखी.

"घाई केली," नाना म्हणाले. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. "तेलाकडं पाह्य. आता हलत नाही दिसत. पन कडेले पाह्य, कडेले. तिथं बारीक कंप येते. आला का? थांब. अजून थांब. हां, आता सोड."

मी सोडली. कुरडई तेलात बुडाली, वर आली आणि एकदम फुलली. आईची फुलायची तशीच, कढईभर.

"उलट. उलट लवकर. काढ."

चाळीस वर्षं हा माणूस जेवायच्या पाटावर बसून आईचं तळण बघत होता आणि आम्हाला वाटायचं, ते पेपर वाचताहेत.

मी दुसरी कुरडई आईच्या फोटोपुढे ठेवली. तिसरी नानांच्या हातात दिली. मग आठवण झाली, हातात द्यायची नसते. मी ती परत घेतली, तुकडा मोडला आणि नानांच्या तोंडात घातला.

नाना चावत राहिले. कुरडई खायला एवढा वेळ लागत नाही. मिशीला पांढरे तुकडे लागले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मला वाटलं आता ते रडतील. मग ते म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

"काय?"

"मीठ. तिले शंका होती. चीक शिजवताना मले म्हने, जरा चाखून पाहता का, मीठ जास्त त नाही पडलं? मी म्हटलं, आता काय चाखू, तळल्यावर सांगीन." त्यांनी फोटोकडे बघितलं. "बरोबर आहे," ते फोटोला म्हणाले.

मी रडले. चुलीच्या धुराचं निमित्त होतं, पण मी निमित्त केलं नाही, सरळ रडले. नाना उठले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुऱ्या लाटायला घेतल्या. त्या वाकड्यातिकड्या लाटल्या. मी तळल्या. द्वारकाकाकूंकडे भिंतीवरून एक ताट गेलं. काकूंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

तीन वाजले तेव्हा मी म्हटलं, "आता झालं ना? आता चला. आता घर टाकून गेलं तरी चालेल."

नाना डब्यात पुऱ्या भरत होते. आईचाच तो पितळी डबा. तळाला भाजी, वर पुऱ्या, त्यावर लोणच्याची फोड आणि शेवटी कागदात गुंडाळलेल्या चार कुरडया.

"आता मले कुठी जायचं काम नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"घर असं बंद पडलं होतं, तेव्हा मन होत नव्हतं. इथं बी होत नव्हतं अन् कुठी जायले बी. आता चूल मोकळी झाली. आता राह्यता येईन मले."

"एकटे?"

"एकटाच त आहे," नाना म्हणाले.

मी पुष्कळ बोलले. मधल्या खोलीचं बोलले, गादीचं बोलले, माझ्या शेजारणी काय म्हणतील तेही बोलले. त्यांनी ट्रंक उचलून परत माळ्यावर ठेवली. मी त्यांना न्यायला आले होते आणि त्यांना तिथे राहता येईल अशी सोय माझ्याच हातानं करून बसले होते. यावर मला हसू यायला हवं होतं, पण ते यायला बरीच वर्षं जावी लागली.

गाडीवर ते पोचवायला आले. माझी पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली नाही. प्लॅटफॉर्मवर उभे राहून त्यांनी सवयीनं रुळांकडे, मग सिग्नलकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं लेट आहे." गाडी पाच मिनिटंच लेट आली.

मी खिडकीशी बसल्यावर ते गजांजवळ आले.

"मुरलीले सांगू नको."

"काय सांगू नको?"

"दिवाळीचं. त्याले वाटते तू होती. वाटू दे. एखादं कार्ड टाकत जो त्याले."

मी मान हलवली. गाडी निघाली. नाना चालत आले नाहीत, हात हलवला नाही. रेल्वेची माणसं चालत्या गाडीबरोबर चालत नाहीत. अकोल्याच्या पुढे मी डबा उघडला. डब्यात पुऱ्या होत्या, समोरचा बाक रिकामा होता आणि खिडकीसाठी भांडायला कुणी नव्हतं. मी दोन पुऱ्या खाल्ल्या आणि डबा बंद केला.

मुरलीला मी कार्ड टाकलं. हळूहळू आमची बोली सुरू झाली. नाना त्या घरात आणखी सहा वर्षं राहिले. ते गेल्यावर दिवाळीला मी वेळेवर गेले, पहिल्याच दिवशी, मुरलीच्या आधी. मी कढई चढवत असताना तो मला म्हणाला, "ताई, आईच्या वेळी मला जमलं नाही, पण तू होतीस. नानांनी लिहिलं होतं. मला फार आधार वाटला होता तेव्हा." मी तेलाच्या कडेकडे बघत राहिले आणि कंप आल्यावर कुरडई सोडली. मुरलीही आता नाही. त्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ती कढई मी वर्ध्याला आणली. यंदा ज्येष्ठात आमचे हे गेले. दोन्ही मुलं आली, बारा-तेरा दिवस राहिली, रडली आणि आपापल्या गावी गेली. विनय पुण्याला असतो, अनघा हैदराबादला. जाताना दोघांमध्ये काहीतरी बिनसलं होतं. दवाखान्यावरूनच. मी विचारलं नाही. कढई धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून भिंतीला टांगली. आईच्या लुगड्याचा तो तुकडा माझ्याकडे अजून होता.

दिवाळी आली तशी गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनघाचा फोन आला. मी भाकरी करत होते, पिठाच्या हातानंच उचलला.

"आई, दिवाळी झाली ना गं नीट?" ती म्हणाली. "वहिनीच्या माहेरचे येऊन गेले असतील ना? ते कढईचं वगैरे असतं ते झालं ना?"

मी म्हणणारच होते. शब्द अगदी तोंडात तयार होते, नानांच्या तिरक्या अक्षरात. झाली, सर्व व्यवस्थित, काळजी नसावी. तेवढं म्हटलं की पोरगी तिकडे सुखानं कामाला लागली असती आणि तिनं स्वतःला कधीच दोष दिला नसता. मी भिंतीकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "कुणी आलं नाही. कढई भिंतीवरच आहे."

मी पिठाचा हात पदराला पुसला.

"बोलावणं करायचं नसतं," मी म्हटलं. "पण मी करतेय. तू ये."

ती म्हणाली, "आई, मला तळायला येत नाही गं नीट."

"ये तर खरी," मी म्हटलं. "मी शेजारी बसून सांगते."